इथं दुखते काय?

अमरावतीच्या राजापेठेतल्या सोनोग्राफी सेंटरात बायका पाणी पीत बसलेल्या असतात. कोणी घरून आणलेल्या बाटलीतलं घोट घोट, कोणी कोपऱ्यातल्या कॅनखाली पेला धरून घाईघाईनं. आतल्या दारातून मदतनीस बाई डोकावते आणि अख्ख्या बाकाला एकदमच विचारते, "लघवी लागली काय कोणाले?" एरवी ज्या गोष्टी बायका कुजबुजूनही बोलत नाहीत, त्यांची इथं हजेरी घेतली जाते. दोघी-तिघी हात वर करतात. एक म्हणते, "लागली, पण जोरात नाही लागली." मग तिला आणखी दोन पेले.

बाहेर बडनेरा रोडचा गजबजाट. नांदगाव खंडेश्वरहून, लोणीहून, मूर्तिजापूरकडून येणाऱ्या गाड्या याच वाटेनं गावात शिरतात, आणि त्यातून उतरलेल्या बायका चौक ओलांडून दवाखान्यांच्या गल्ल्यांत पांगतात. प्रत्येकीजवळ फाइल असते. फाइल म्हणजे बहुधा साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तीत जुने कागद, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्डाची झेरॉक्स आणि गाडीत खायला घेतलेली पोळी-चटणी. कापूस वेचणीच्या दिवसांत ही गर्दी ओसरते. पोट तेव्हाही दुखत असतं. पण वेचणी थांबवता येत नाही आणि दुखणं थांबवून ठेवता येतं, असा पिढ्यांचा हिशेब आहे.

मी या बाकावर बसू लागले ती आधी स्वतःसाठी आणि मग भाचीसाठी. इथं बसलेल्या बाईबद्दल जगाचा एकच अंदाज असतो. शेजारीण आधी गळ्याकडे पाहते, मग पोटाकडे, मग विचारते, "कितवा हाय?" माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून ती प्रश्न गिळते. भाचीच्या गळ्यात काही नाही हे दिसल्यावर मात्र तिची पंचाईत होते. प्रश्न गिळवतही नाही आणि विचारवतही नाही. मग ती माझ्याकडे वळून सांत्वनाच्या सुरात म्हणते, "होते सारं बरं." काय बरं होते, ते तिलाही माहीत नसतं.

समोरच्या भिंतीवर तो फलक. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. या मजकुराची आपल्याला इतकी सवय झाली आहे की सोनोग्राफी म्हटलं की बाळ, आणि बाळ म्हटलं की मुलगा की मुलगी, एवढ्याच दोन पायऱ्या डोक्यात उमटतात. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १९९६पासून. आता मशीनची नोंदणी होते, तिची जागा ठरलेली असते, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा फॉर्म भरला जातो. याची गरज होतीच. ज्या समाजानं या यंत्राचा पहिला मोठा उपयोग मुली हुडकून काढण्यासाठी केला, त्याच्या यंत्राला असं बांधून घालणंच भाग होतं. तरी त्या फलकाखाली बसून माझ्या मनात येतं की यंत्राचा दुरुपयोग करणारे आणि त्याला आळा घालणारे, दोघांचंही लक्ष बाळावरच होतं. बाळ ज्या पिशवीत वाढतं ती पिशवी, आणि ती पिशवी जिच्या पोटात आहे ती बाई, या खोलीत पाहुणीसारख्याच राहिल्या.

भाची गणित शिकवते, खासगी शिकवणी वर्गात. तीन-तीन तास फळ्यापुढे उभं राहायचं. तेराव्या वर्षापासून दर महिन्याला दोन दिवस तिचं पोट असं दुखायचं की ती न्हाणीघरातल्या फरशीवर गाल टेकवून पडून राहायची, कारण फरशी गार असायची. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, बाहेरून म्हणायची, "उठ व माय, आमाले का दुखत नव्हतं?" यात निर्दयपणा नव्हता. ताईलाही असंच दुखत होतं आणि तिला तिच्या आईनं हेच विचारलं होतं. दुखण्याचा हा वारसा सोन्याच्या पाटल्यांपेक्षा जास्त निगुतीनं पुढं दिला जातो. शाळेत असताना सल्ला होता, "वय वाढलं का कमी होते." कॉलेजात, "लग्न झालं का थांबते." ज्यांचं लग्न झालं त्यांना, "एक लेकरू झालं का मोकळी होशीन." लेकरू होऊनही जिचं थांबलं नाही, तिच्यासाठी शेवटचा सल्ला ठेवलेला असतोच: "काढून टाक पिशवी."

आमच्याकडे ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदातले ते तीन दिवस म्हणजे वऱ्हाडातल्या घराची वर्षाची परीक्षा. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणाच्या पोळ्या, मुखवट्यांची सजावट, जेवायला अख्खी भावकी. त्या दिवसांत घरातल्या करत्या बाईला अडचण येऊन चालत नाही. म्हणून चार-पाच दिवस आधीपासून मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या येतात. चिठ्ठी कोणी मागत नाही. दुकानदार कॅलेंडर पाहूनच साठा करतो. नवरात्रात अंबादेवीला ओटी भरायला जायचं म्हणून पुन्हा त्याच. ताईनं किती वर्षं त्या गोळ्या खाल्ल्या याचा कुणी हिशेब ठेवला नाही. एकदा भाज्या निवडता निवडता ती मला म्हणाली होती, "खरं सांगू काय, गोळ्या चालू असते तवा मले लय बरं वाटते. महालक्ष्मीची कृपाच म्हणाव."

कृपा असेलही. पण त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध, आणि ते गर्भाशयाच्या अस्तराला शांत बसवतं. ज्या बाईच्या पोटात हे अस्तर नको त्या ठिकाणीही रुजलेलं आहे, तिचं तिथलं अस्तरही तेवढ्यापुरतं गप्प होतं. भाचीला पुढं डॉक्टरांनी लिहून दिलेली डायनोजेस्टची रोजची गोळी याच कुळातली. म्हणजे देवीसाठी वर्षातून दोनदा जे औषध चोरून घेतलं जात होतं, त्याच जातीचं औषध आजारावर रीतसर देता येतं. ताईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग तवा काहून कोणी सांगतलं नाही?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि ती ज्या ज्या दवाखान्यांत गेली होती त्यांच्याकडेही नसावं. तिच्या पिशवीत त्या काळातले सोनोग्राफीचे रिपोर्ट आहेत. प्रत्येकाच्या तळाशी एकच ओळ: सर्व काही नॉर्मल.

आजाराचं नाव एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं, तशाच जातीचं अस्तर गर्भाशयाबाहेर कुठंतरी रुजतं. अंडाशयात, गर्भाशयाच्या मागच्या खोलगटात, आतड्यावर, मूत्राशयावर. हार्मोनचा हुकूम आला की तेही वाढतं, तेही रक्त सोडतं. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथंच साचतं, आजूबाजूला सूज आणतं, अवयव एकमेकांना चिकटवून टाकतं. अंडाशयात साचलेलं जुनं रक्त काळपट-तपकिरी, दाट होतं, म्हणून त्या गाठीला दवाखान्यात सरसकट चॉकलेट सिस्ट म्हणतात. अमेरिकेत अल्बानीला काम करणाऱ्या जॉन सॅम्पसन या शल्यविशारदानं १९२१ साली या गाठींचं बारकाईनं वर्णन केलं. पाळीचं काही रक्त बीजनलिकांतून उलट ओटीपोटात उतरतं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात, हा त्याचा सिद्धांत १९२७चा. अशी उलटी वाट बहुतेक बायकांमध्ये असते. रुजवण मात्र काहींच्याच वाट्याला येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळीच्या वयातल्या सुमारे दहा टक्के मुली आणि बायकांना हा आजार आहे, जगभरात १९ कोटींच्या घरात. या बाकावर दहा जणी बसल्या की माझं मन नकळत मोजू लागतं.

माझं स्वतःचं दुखणं त्याच्या सख्ख्या बहिणीचं, ॲडेनोमायोसिस. त्यात अस्तर बाहेर कुठं जात नाही. गर्भाशयाच्या स्वतःच्या स्नायूतच शिरतं. पावसाळ्यात मातीच्या भिंतीत ओल मुरावी तसं. भिंत फुगते, जड होते, एका बाजूनं जास्त. पाळी आली की चार दिवस अंगावरून इतकं जातं की जिना चढताना दम लागतो आणि रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिनचा आकडा लाल शाईत येतो. डॉक्टर याला सोप्या भाषेत "पिशवीला सूज" म्हणतात. गंमत म्हणा की क्रूर थट्टा, या आजाराचं पक्कं निदान कित्येक दशकं गर्भाशय काढल्यावरच होत असे. पिशवी बाहेर काढायची, तिचे काप करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि मग कागदावर लिहायचं की हो, बाई म्हणत होती ते खरं होतं.

या यंत्राची जन्मकथा मला फार उशिरा कळली. आपल्याला वाटतं ते बाळासाठी घडलं. नाही. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड २१ जुलै १९५५ रोजी शहराजवळच्या रेनफ्र्यूला, बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तिथं लोखंडाच्या जोडणीतल्या फटी ध्वनिलहरींनी शोधण्याचं यंत्र होतं. डोनाल्ड यांच्या मोटारींच्या डिक्क्यांत होत्या बायकांच्या पोटांतून शस्त्रक्रियेनं काढलेल्या गाठी, गर्भाशयातल्या आणि अंडाशयातल्या. तुलनेसाठी कारखान्यानं मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. लोखंड तपासणाऱ्या त्या यंत्रानं पोकळ गाठ आणि भरीव गाठ यांतला फरक दाखवला. पुढं एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. या यंत्रानं तिच्या पोटात अंडाशयाची भलीमोठी गाठ दाखवली, ती काढली आणि बाई वाचली. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा जो निबंध आला, तो पोटातल्या गाठींवरचा होता. म्हणजे यंत्राची पहिली नजर बाईच्याच दुखण्यावर पडली होती. बाळ नंतर आलं आणि त्यानं, बाळं करतात तसं, सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेतलं.

आमच्याच विदर्भात, गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी बायकांना तपासलं. त्याचा निबंध १९८९च्या जानेवारीत त्याच 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ६५० बायका, त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा एक तरी त्रास होता आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आपल्याकडे बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, त्यापलीकडे बाई नाहीच, ही समजूत त्या आकड्यांनी जगाच्या चव्हाट्यावर आणली. तिथं सोनोग्राफी नव्हती. एक डॉक्टर बाई होती, ती विचारत होती आणि बाया सांगत होत्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण यंत्र आलं तरी ते विचारणं आलंच असं नाही.

बीड जिल्ह्यात ते आलं नाही. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी फुटली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांवर बायका होत्या. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. तोडीच्या हंगामात एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो, उलट पैसे भरावे लागतात. पाळीच्या दुखण्याला खाड्याच्या हिशेबात जागा नाही. मग कुणीतरी सांगतं की पिशवी खराब आहे, पुढं कॅन्सर होईल. तिशीतल्या बाया ऑपरेशन करून घेतात, आणि हातची उसनवारी फेडायला पुन्हा कोयता घेतात. त्यातल्या किती जणींच्या हातात सोनोग्राफीचा कागद होता आणि तो कोणी नीट वाचला होता, याचा मी विचार करते तेव्हा माझ्या मांडीवरची फाइल मला एकदम श्रीमंत वाटू लागते. आणि पिशवी काढून सगळं मिटतंच असंही नाही. ॲडेनोमायोसिस गर्भाशयाबरोबर जातो. पण अस्तर बाहेर रुजलेलं असेल तर ते तिथंच राहतं आणि दुखणंही राहू शकतं.

भाचीची पाळी आली, म्हणजे नंबर लागला, तेव्हा डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय?" हा प्रश्न इथं भोचकपणाचा नसतो. त्यावर तपासणीची वाट ठरते. लग्न झालेल्या बाईची सोनोग्राफी आतून करतात, बारीक प्रोब योनिमार्गातून घालून; तो गर्भाशयाच्या अगदी जवळ पोचतो, त्यामुळे लहरी जास्त बारीक वापरता येतात आणि चित्र स्वच्छ येतं. कुमारिकेची मात्र पोटावरून, भरलेल्या मूत्राशयातून पाहायची. म्हणून ते पाण्याचे पेले. पोटावरून चॉकलेट सिस्ट दिसते, पण आतड्याला चिकटलेली बारीक गाठ सहसा निसटते. गुदद्वारातून तपासणी करता येते, एमआरआय करता येतो, असं डॉक्टर बाईंनी दोघींसमोर शांतपणे सांगितलं. ताईचा चेहरा पाहून भाचीच म्हणाली, "आधी वरून बघा. लागलं तर बाकीचं बघू." चोवीस वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या शरीराबद्दल इतक्या सरळ आवाजात बोललेलं आमच्या घरात ती पहिलीच वेळ असावी. लग्न झालं की थांबेल असं सांगणाऱ्या आपल्या घरांत, लग्न होईपर्यंत नीट तपासणीही थांबते, ही गोष्ट मला त्या खोलीत लख्ख दिसली.

जेली गार लागली म्हणून ती दचकली. पडद्यावर राखाडी धुकं, त्यात काळा डोह, तो भरलेला मूत्राशय. डावीकडे एक गोल, आतून एकसारखा करडा, दुधी काचेसारखा. "हे जुनं रक्त," डॉक्टर म्हणाल्या आणि दोन क्रॉस टेकवून मोजलं. साडेचार सेंटिमीटर. भाचीनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. अकरा वर्षं जे तिच्या म्हणण्यात होतं, ते आता सेंटिमीटरमध्ये होतं. गणिताची मास्तरीण ती. तिला रडू आलं नाही, तिनं व्यास कोणत्या दिशेनं मोजला ते विचारलं. ताई मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

माझी तपासणी आतून होते, आणि खरं तर तिच्याबद्दलच मला लिहायचं होतं. ही सोनोग्राफी म्हणजे फोटो काढणं नव्हे. आतल्या प्रोबचा स्फटिक सेकंदाला पन्नास लाखांहून जास्त वेळा थरथरतो. माणसाचा कान वीस हजारांच्या पलीकडे बहिरा. तो आवाज शरीरात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगानं जातो, प्रत्येक थरावर आपटून परत येतो आणि परतीच्या वेळेवरून पडद्यावर ठिपके उमटतात. इथवर सगळं यंत्राचं. पण त्यानंतर डॉक्टर प्रोबनं एका जागी हलकेच दाबतात आणि विचारतात, "इथं दुखते काय?" मी सांगते. मग प्रोब दोन बोटं सरकतो. "आणि इथं?" मी पुन्हा सांगते. माझं उत्तर त्या लिहून घेतात. कोणत्या जागी दाबल्यावर दुखलं, हे त्यांच्यासाठी निरीक्षण आहे, गाठीच्या मापाइतकंच. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून खोलवरच्या एंडोमेट्रिऑसिससाठी सोनोग्राफीची जी चार पायऱ्यांची पद्धत ठरवली, तिची दुसरी पायरीच ही आहे: कुठं दुखतं ते पाहा, आणि अंडाशय आपल्या जागी हलतं की चिकटून बसलंय ते पाहा.

तिसऱ्या पायरीवर त्या एक हात माझ्या पोटावर ठेवतात, दुसऱ्या हातानं प्रोब हळू पुढं रेटतात आणि पडद्यावर पाहतात की गर्भाशय आणि त्याच्या मागचं आतडं एकमेकांवरून सरकतंय का. निरोगी पोटात ते सहज सरकतं. चिकटलं असेल तर दोन्ही एकदमच हलतात, जणू एकच अवयव. मागं पडलेल्या, चिकटलेल्या गर्भाशयाचा वरचा भाग मागच्या बाजूला वळतो, तोंड पुढं राहतं आणि पडद्यावर चक्क प्रश्नचिन्हाचा आकार दिसतो. पुस्तकांत त्या खुणेचं नावच तसं आहे. शेवटी आतड्यावर, मूत्राशयावर गाठी शोधायच्या. आणि जाता जाता किडन्या, कारण गाठीनं मूत्रनलिका दाबली तर किडनी काहीच न दुखवता सुजत जाते. दुखण्याच्या या आजारात सगळ्यात मोठं नुकसान कधी कधी न दुखणाऱ्या जागी होतं.

माझ्या गर्भाशयात त्या वेगळ्या खुणा पाहतात. मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा जाड, स्नायूत बारीक काळे थेंब, पंख्याच्या आकाराच्या सावल्या, अस्तर आणि स्नायू यांच्यामधली रेघ जागोजाग तुटलेली. या खुणांच्या नावांवर २०१५ साली एकमत झालं आणि २०२२मध्ये ती यादी पुन्हा तासली गेली. त्याच वर्षी युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी एंडोमेट्रिऑसिसच्या निदानासाठी दुर्बिणीचं ऑपरेशनच हवं ही जुनी अट सैल केली. आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, म्हणाल्या. सोबत एक ओळ लिहिली, जी मला प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर त्या दुसऱ्या फलकाशेजारी लावावीशी वाटते: तपासणीत काही दिसलं नाही म्हणून आजार नाही, असं समजू नका. ओटीपोटाच्या पडद्यावर वरवर पसरलेला आजार सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. ताईच्या जुन्या रिपोर्टांमधला 'नॉर्मल' हा शब्द खोटा नसेल. पण तो पडद्यापुरता खरा होता, आणि त्याच्या बळावर तिला घरी पाठवलं गेलं. चांगला रिपोर्ट आणि वाईट रिपोर्ट यांतला फरक मला आता मशीनच्या किमतीत दिसत नाही. "डाव्या बाजूला दाबल्यावर वेदना" एवढी एक ओळ लिहिली आहे की नाही, ते मी आधी पाहते.

अशी तपासणी करायला वेळ लागतो, आणि वेळ हीच या गल्लीतली सगळ्यात महाग वस्तू. बाहेर बाक भरलेला असतो, ज्यांची लघवी रोखलेली आहे त्यांचे जीव टांगणीला लागलेले असतात. डफरीनला, म्हणजे आमच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, गरोदर बायकांचीच रांग एवढी की डॉक्टरांनी प्रत्येकीला दाब देऊन कुठं दुखतं हे विचारत बसावं अशी अपेक्षा करणंही अवघड. त्यामुळे ही चार पायऱ्यांची तपासणी आजही ज्या डॉक्टरला ती करावीशी वाटते तिच्या मर्जीवर चालते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अनेक केंद्रांना जोडून भारतीय बायकांमधल्या एंडोमेट्रिऑसिसचा अभ्यास हाती घेतला, हे वाचून मला बरं वाटलं. आपल्या बायकांचं दुखणं परक्या देशांतल्या तक्त्यांवरून किती दिवस वाचायचं?

आता आम्ही दोघी अधूनमधून इथं येतो, नुसत्या पाहण्यासाठी. पाहत राहणं हाही उपचाराचा भाग असतो, हे मला या बाकानं शिकवलं. भाचीची गाठ लगेच कापली नाही, कारण गाठीबरोबर अंडाशयातली चांगली बीजंही जाऊ शकतात आणि ती पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून गोळी आणि मोजमाप. पुढच्या खेपेला चार, त्यानंतर साडेतीनच्या आत. तिनं वहीत आलेख काढला आहे. मला हार्मोनवाली तांबी बसवली आहे. रक्तस्राव निम्म्याहून कमी झाला, भिंतीची जाडी मात्र हट्टानं तेवढीच. डॉक्टर म्हणतात, पाळी जाईपर्यंत ओढायचं, मग ती आपोआप आक्रसेल. सोनोग्राफीचे फोटो ज्या गुळगुळीत कागदावर येतात, तो उष्णतेनं काळवंडतो, उडतो, आणि आमच्या अमरावतीच्या मे महिन्यापुढं कोणता कागद टिकणार? जुन्या फोटोंत आता करड्या डागांशिवाय काही नाही. मापं तेवढी टाइप केलेल्या रिपोर्टात शाबूत आहेत, म्हणून भाची सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवते. तिला पाहायला येणाऱ्या मुलाला ती हे दाखवणार आहे. ताईचं आणि तिचं यावरून दोनदा भांडण झालं. "आधीच काहून सांगाचं?" ताई म्हणते. भाची म्हणते, "मग कधी, फरशीवर पडल्यावर?"

भाचीच्या पुढच्या सोनोग्राफीची तारीख यंदा नेमकी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आली. मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. पण रोजच्या गोळीमुळे भाचीची पाळी सहा महिने आलेलीच नाही, म्हणजे अडचणीचा प्रश्नच नाही, हे ताईच्या ध्यानात आलं होतं. गोळीचा हा एक फायदा तिला मनापासून पटला. सोळा भाज्यांची यादी करता करता ती म्हणाली, "सोनोग्राफी सकाळची घे मंग. पुरण दुपारी घालाचं हाय, अन् वाटाले मले माणूस पाह्यजे."